घाट चढून आलेला कोळसा, घाट चढून आलेले पाणी

इ. स. १८७० मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज शेकडा साडेचार, मुदत एकशे एक वर्षे. या पैशातून खंडव्याहून निघून, नर्मदा ओलांडून, विंध्याचा कडा चढून इंदूरपर्यंत लोहमार्ग यायचा होता. संस्थानिकाने सार्वभौम सत्तेला कर्ज द्यावे ही गोष्ट आपल्या घराघरांत अभिमानाने सांगितली गेली आहे, आणि ती सांगण्याजोगी आहेही. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत होळकर स्टेट रेल्वे इंदूरला पोहोचली. कालाकुंडपासून पातालपाणीपर्यंतचा तो चढ, ते बोगदे, खाली दिसणारी चोरल नदी हे सारे वाचकांपैकी पुष्कळांनी मीटरगेजच्या डब्यातून पाहिले असेल.

पण तो इतिहास इथे काढण्याचे कारण वेगळे आहे. त्या रुळांवरून इंदुरात माणसे आली, इथला कापूस आणि अफू बाहेर गेली, आणि घाट चढून कोळसा आला. तुकोजीरावांची सरकारी कापड गिरणी रेल्वेच्या आधीपासूनच उभी राहत होती. पुढे माळवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, स्वदेशी, कल्याणमल, भंडारी अशा गिरण्यांच्या चिमण्यांनी शहराची पूर्व बाजू ओळखली जाऊ लागली. तीन पिढ्या इंदूरने भोंग्यावर घड्याळे लावली. त्या भोंग्याने अनेक घरांची चूल पेटली, शिक्षणे झाली, लग्ने झाली. कोळशाला आज सरसकट शिव्या घालणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

एकशे एक वर्षांच्या त्या कर्जाची मुदत १९७१ मध्ये संपते. त्या इंजिनांच्या आणि चिमण्यांच्या धुराची मुदत मात्र कोणत्याही करारात लिहिलेली नव्हती. धुरातली काजळी चार दिवसांत खाली बसते. वाळत घातलेल्या धोतरांवर ती बसायची, म्हणून तिची तक्रारही व्हायची. दिसत नव्हता तो कार्बन डायऑक्साइड. त्यातला काही भाग समुद्र आणि झाडे शोषून घेतात, पण उरलेला मोठा हिस्सा शतकानुशतके हवेतच राहतो. म्हणजे आपल्या पणजोबांनी ज्या गाडीने पहिल्यांदा खंडवा गाठले, तिच्या धुराचा काही अंश आजही आपल्या डोक्यावर आहे.

हे कोणाला माहीत नव्हते असेही नाही. लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच प्रयोगाने दाखवले होते की कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ हे वायू उष्णता अडवून धरतात. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी कागदावर हिशेब मांडला की कोळशाच्या धुराने हवेतला हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल. त्यांच्या थंड देशात त्यांना ती गोष्ट बरीचशी सुखाची वाटली, हे साहजिकच होते. कोळशाच्या युगापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा तो ३१५ झाला होता. आज तो ४२० च्या वर आहे. २०२४ हे वर्ष औद्योगिक युगापूर्वीच्या सरासरीपेक्षा दीड अंशाहून अधिक उष्ण ठरले.

या आकड्यांचा माळव्याशी संबंध काय, हे पाहायचे तर दुपार सोडून रात्रीकडे पाहावे लागते. 'शब-ए-मालवा' हे नाव आपण लहानपणापासून ऐकत आलो. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र. या रात्रीमागे साधे भूगोलशास्त्र आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर, मोकळ्या पठारावर वसले आहे. उन्हाळ्यात इथली हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असते. दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि मध्यरात्रीनंतर गच्चीवर चादर ओढून घ्यावी लागते. उष्णता अडवणारा वायू हवेत वाढला की नेमकी हीच वाट अरुंद होते. म्हणून १९५० नंतर जगातल्या बहुतेक भूभागांवर दिवसांपेक्षा रात्री अधिक वेगाने तापल्या आहेत. त्यात शहराचे सिमेंट आणि डांबर दिवसाची ऊब रात्रभर धरून बसते, आणि खिडकीतली कूलिंगची यंत्रे आतली उष्णता बाहेर गल्लीत टाकतात. माळव्याचे जे वैशिष्ट्य कवींनी आणि उस्तादांनी मिरवले, त्यावरच हा घाला आहे.

न्यायाचा प्रश्न इथेच उरकून टाकतो. आजवर हवेत साठलेल्या या वायूपैकी जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा तीन-चार टक्क्यांच्या आसपास. आजही सरासरी भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन सोडतो, तर अमेरिकन माणूस चौदा-पंधरा. तेव्हा हा गुन्हा मुख्यतः आपला नाही. पण शिक्षा भूगोलाप्रमाणे वाटली जाते, गुन्ह्याप्रमाणे नाही, आणि आपला भूगोल उष्ण आहे.

आता थोडे मागे जाऊ. पावलापावलावर पाणी आणि वाटेवाटेवर भाकरी असलेली गंभीर भूमी, असे माळव्याचे वर्णन इथल्या म्हणीत आहे. त्या म्हणीवर आपल्या पूर्वजांचा इतका विश्वास होता की दक्षिणेत दुष्काळ पडला की देशावरची माणसे पोट घेऊन इकडे येत. १८९९ मध्ये मात्र पाऊसच आला नाही. संवत १९५६ चा म्हणून 'छप्पन्या' नावाने तो दुष्काळ लोकांच्या तोंडी राहिला. कधी न बुडालेला माळवा त्या वर्षी बुडाला. होळकर संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या गणनेत जवळजवळ अकरा लाख होती, ती १९०१ मध्ये साडेआठ लाखांवर आली. उपासमार, तिच्या मागोमाग आलेले रोग आणि स्थलांतर, तिन्ही त्या घटीत आहेत. दर चार-साडेचार माणसांमागे एक माणूस नाहीसे झाले. घराण्यांच्या वंशावळी काढून पाहिल्या तर त्या दशकात कितीतरी फांद्या एकदम तुटलेल्या दिसतात.

छप्पन्या हा आजच्या तापमानवाढीचा परिणाम नव्हता. पाऊस पूर्वीही दगा देत असे. पण माळव्याची सुरक्षितता किती पातळ आहे हे त्याने दाखवून दिले. शहराभोवतीच्या तलावांकडे मी याच नजरेने पाहतो. सिरपूरचा तलाव, बिलावलीचा तलाव, पिपल्यापाला ही होळकरी राजवटीची कामे. आणि १९३९ मध्ये यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या काळात गंभीर नदीवर बांधलेला यशवंत सागर, ज्याचे जादा पाणी दरवाजे न उघडता सायफनने आपोआप बाहेर पडते. ही सगळी पाणी उतारावरून घेण्याची व्यवस्था होती. पाऊस जिथे पडतो तिथे अडवायचा, आणि जितके अडवले तितक्यात भागवायचे. शिवाय वाड्यावाड्यांत विहिरी होत्याच. जुन्या इंदुरात, नंदलालपुऱ्यात, रामबागेत ज्यांची घरे होती त्यांना रहाटाचा आवाज आठवत असेल.

दुष्काळामागोमाग प्लेग आला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत इंदूरला पुन्हा पुन्हा भेटी देत राहिला. त्यावर उपाय शोधण्यासाठी महाराजा तुकोजीराव (तिसरे) यांच्या दरबाराने १९१७ मध्ये एका स्कॉटिश माणसाला बोलावले. पॅट्रिक गेडीस मूळचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, नंतर नगररचनाकार झालेले. दाढी विस्कटलेली, बोलणे न संपणारे. त्यांच्याविषयी आपल्याकडे जी गोष्ट सांगतात ती दिवाळीच्या मिरवणुकीची. गेडीस यांनी दवंडी पिटवली की यंदाची मिरवणूक ठरलेल्या मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यांवर घरे सर्वांत जास्त झाडून, दुरुस्त करून, रंगवून काढली असतील त्या रस्त्यांनी ती जाईल. मग काय, गल्लीगल्लीत चढाओढ लागली. हजारो गाड्या कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता, लक्ष्मी होती. आणि पांढरेशुभ्र कपडे घालून, हार घालून, खांद्यावर झाडू घेऊन शहरातले सफाई कामगार मानाने चालत होते. १९१७ साली हे दृश्य किती धाडसाचे होते याची कल्पना करा. शेवटी एका गाडीतून तुळशीची रोपे वाटली गेली. स्वच्छतेत देशात पहिला येणाऱ्या शहराचा हा पहिला प्रयोग होता असे म्हणायला हरकत नाही.

मिरवणुकीपेक्षा मोलाचा आहे तो त्यांचा अहवाल. १९१८ मध्ये इंदूर दरबारला सादर झालेले ते दोन खंड मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून पुन्हा पुन्हा उघडत असतो. त्याआधी तीन वर्षे, 'सिटीज इन इव्होल्यूशन' या पुस्तकात, गेडीस यांनी औद्योगिक युगाचे दोन टप्पे पाडले होते. पहिला कोळसा, वाफ आणि धुराचा, निसर्गाची ठेव उधळून टाकणारा. दुसरा विजेचा, स्वच्छतेचा, झाडे आणि बागांचा, ठेव राखून व्याजावर जगणारा. इंदूरकडे ते याच चष्म्यातून पाहत होते. शहराचा मैला भुयारी गटारांतून वाहून नेण्याची खर्चिक योजना इंजिनिअरांनी तयार केली होती. गेडीस यांनी तिला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की मैला ही नदीत लोटायची वस्तू नसून मातीत परत घालायची वस्तू आहे, त्यावर बागा पिकतील. नद्या स्वच्छ ठेवा, काठावर बागा करा, जुनी घरे पाडून सरळ रस्ते काढण्याऐवजी हलक्या हाताने दुरुस्ती करा. त्यांच्या काही सूचना अमलात आल्या, बऱ्याच कपाटात राहिल्या. खान आणि सरस्वती या नद्यांचे पुढे काय झाले हे कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ उभे राहिलेल्या कोणाही माणसाला सांगावे लागत नाही.

गेडीस गेले आणि सहा वर्षांनी दुसरा एक पाहुणा आला. तो माझ्या मते आज आपल्याला अधिक उपयोगाचा आहे. अल्बर्ट हॉवर्ड बिहारमधल्या पुसा येथील संशोधन संस्थेत जवळजवळ दोन दशके काम करून १९२४ मध्ये इंदूरला आले आणि इथे त्यांनी 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' उभारली. जमीन होळकर दरबारची, पैसा कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. आज त्या जागी आपले कृषी महाविद्यालय आहे. खरे तर संस्था कापसाच्या संशोधनासाठी होती. हॉवर्ड यांना दिसले की कापसाच्या वाणापेक्षा खालच्या जमिनीचा कस हा मूळ प्रश्न आहे, आणि शेतातला सगळा पालापाचोळा शेतकरी एकतर जाळतो किंवा सडू देतो.

या कामात त्यांचा जोडीदार होता यशवंत वाड हा मराठी रसायनतज्ज्ञ. १९३१ मध्ये लंडनहून निघालेल्या शेतीतल्या टाकाऊ पदार्थांवरच्या पुस्तकावर हॉवर्ड आणि वाड अशी दोघांची नावे आहेत. जगभर सेंद्रिय शेतीच्या ग्रंथांत 'इंदूर पद्धत' म्हणून जी ओळखली जाते ती हीच. हॉवर्ड यांना पुढे 'सर' ही पदवी मिळाली, त्यांची चरित्रे निघाली; वाडांचे नाव मात्र इंदुरातही फार थोड्यांना ठाऊक आहे. आपल्या संस्थांनी निदान एक तैलचित्र लावावे असे सुचवून पुढे जातो.

पद्धत अशी. दोन फूट खोल, पसरट खड्डा घ्यायचा. त्यात कापसाच्या पराट्या, तण, उसाचे पाचट, झाडांची पाने घालायची. पराट्या कठीण, सहज कुजत नाहीत. म्हणून त्या आधी रस्त्यावर अंथरायच्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली भरडू द्यायच्या. त्यावर शेणकाला, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख. पाणी शिंपडायचे, पण बुडवायचे नाही. ठरल्या दिवशी ढीग उलथायचा, असे तीनदा. म्हणजे आत हवा खेळते. तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार होते. वाडांनी प्रयोगशाळेत यातले कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण मोजले आणि सुरुवातीला ते ३३ ला १ च्या आसपास असले की काम उत्तम होते असे दाखवले. १९३५ मध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी गांधीजी इंदूरला आले तेव्हा मुद्दाम ही संस्था पाहायला गेले आणि नंतर 'हरिजन'मधून तिच्याविषयी लिहिले.

तापमानवाढीच्या व्याख्यानात खताचा खड्डा कशाला, असे कोणी विचारील. जो कार्बन हवेत गेला की तापतो, तोच मातीत राहिला की पिकतो. जळलेली पराटी हवेत जाते. कुजवलेल्या पराटीचा काही भाग ह्यूमस होऊन जमिनीत टिकतो. ह्यूमस असलेली माती पावसाचे पाणी धरून ठेवते, म्हणून दोन पावसांमधला खंड पीक सोसू शकते. आणि हवा न लागता दाबून ठेवलेल्या कचऱ्यातून मिथेन निघतो, जो वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ऐंशीपट उष्णता अडवतो. ढीग उलथण्याची वाडांची शिस्त नेमकी हे टाळते. त्यांनी ते जमिनीच्या कसासाठी केले. हवामानासाठी आपण आज जे शोधतो आहोत त्यातला बराच भाग त्यातच होता.

स्वातंत्र्यानंतर शहर वाढले आणि तलाव अपुरे पडू लागले. १९७० मध्ये नर्मदेचे पाणी इंदूरला आणा, यासाठी आंदोलन झाले. अभ्यास मंडळाचे मुकुंद कुलकर्णी आणि त्यांच्या पिढीतले अनेक मराठी-हिंदी कार्यकर्ते त्यात होते. ते पाणी १९७८ मध्ये आले. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सत्तर किलोमीटर, पाचशे मीटरहून अधिक उंच, त्याच विंध्याच्या कड्यावरून जिथून शंभर वर्षांपूर्वी कोळसा वर आला होता. इंदूरने त्या दिवशी दिवाळी साजरी केली असेल तर त्यात काही चूक नव्हती. ते पाणी आले नसते तर हे शहर आज आहे तसे नसते, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कित्येक कुटुंबे पुण्या-मुंबईला निघून गेली असती.

पण पाण्याला वजन असते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी पाचशे मीटर वर चढवायला निसर्गनियमानेच जवळजवळ १.४ युनिट वीज लागते. पंपातली आणि नळातली गळती-घर्षण धरली की सुमारे दोन युनिट. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हा सरकारी निकष. पाच माणसांच्या घराला मग रोज सव्वा ते दीड युनिट वीज केवळ पाणी वर आणायला लागते. ती सगळी औष्णिक केंद्रातली धरली तर पाऊण ते एक किलो कोळसा. स्वयंपाकघरात आपण नळ उघडतो तेव्हा कुठेतरी एक मूठ कोळसा जळतो, असा त्याचा अर्थ. महापालिकेचे या पंपांचे वीजबिल दरमहा वीस-पंचवीस कोटींच्या घरात जाते. आणि नर्मदा आली म्हणून आपण काय केले? विहिरी बुजवल्या, काहींवर खोल्या बांधल्या. नवीन वसाहतींत कूपनलिका खणल्या. भूजल खाली गेले. तलावांच्या पाणलोटात भिंती उभ्या राहिल्या. पाणी घाटाखालून येते म्हटल्यावर दारातला पाऊस आपल्याला परका झाला.

तो पाऊसही आता पूर्वीसारखा येत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की १९५० पासून मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. आपण त्याच पट्ट्यात आहोत. तापलेली हवा जास्त बाष्प धरते, अरबी समुद्रावरून ते येते आणि दोन-तीन दिवसांत ओतले जाते; मग लांब उघडीप. महिनाभर मुरणारी झड माळव्याच्या काळ्या मातीच्या सवयीची आहे, हे ओतणे नाही. पहिल्या तासातच माती फुगते, तिचे तोंड मिटते आणि वरचे पाणी वाहून जाते.

गव्हाचे दुखणे वेगळे. माळव्याचा कठिया गहू पूर्वी एका पाण्यावर, कधी नुसत्या ओलीवर येत असे. दाणा भरण्याच्या दिवसांत थंड रात्र मिळाली की तो टपोरा होतो. २०२२ चा मार्च महिना भारतात एकशे बावीस वर्षांतला सर्वांत उष्ण ठरला. उत्तरेकडचा दाणा सुकला, आणि १३ मे रोजी सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. इंदूरच्या गहू संशोधन केंद्राने १९५१ पासून कमी पाण्यावर येणारे आणि उष्णता सोसणारे वाण दिले आहेत. आपल्या ताटातल्या बाफल्यांचे भवितव्य बऱ्याच अंशी तिथल्या वाफ्यांत ठरते.

उपायांच्या बाबतीत इंदूर कोरे नाही, हे सांगताना मला आनंद होतो. घरातला ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय आपण लावून घेतली, ती सोपी नव्हती. देवगुराडियाजवळ फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यातून मिथेन पकडतो, बस चालवण्याजोगा वायू तयार करतो आणि उरते ते खत देतो. म्हणजे वाडांचा खड्डा, झाकण लावलेला. जलूदच्या पंपांसाठी ६० मेगावॉटचे सौर केंद्र उभारायचे म्हणून महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये रोखे काढून २४४ कोटी रुपये उभे केले. दीडशे वर्षांपूर्वी इथल्या राजाने सरकारला कर्ज देऊन कोळसा वर आणला. या वेळी इथल्या नगरपालिकेने लोकांकडून कर्ज घेतले, सूर्यावर पाणी वर आणायला. हा बदल मला इतिहासाच्या दृष्टीने मोठा वाटतो. अर्थात सूर्य रात्री पंप चालवत नाही, आणि उंची काही कमी होत नाही. म्हणून प्रत्येक वाचवलेला लिटर सौर केंद्रानंतरही वाचवलेलाच राहतो. सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव २०२२ मध्ये रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. सिरपूर वाचवण्यासाठी चित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेले काम त्यामागे आहे. १४ जुलै २०२४ रोजी रेवती रेंजवर एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपे लावून शहराने जागतिक विक्रम केला. विक्रमाचे मला वावडे नाही; पण झाडांची मोजणी लावण्याच्या दिवशी न करता पाचव्या उन्हाळ्यानंतर करावी, अशी माझी जुनाट समजूत आहे.

वाचकांच्या हाती काय आहे, असे प्रत्येक व्याख्यानानंतर कोणीतरी विचारतेच. ज्यांच्या जुन्या वाड्यात बुजवलेली विहीर आहे त्यांनी ती उघडून पाहावी. गच्चीचे पाणी तिच्यात सोडायला एका नळाचा आणि गाळणीचा खर्च येतो. बाकी गोष्टी घरातली तरुण मंडळी तुमच्यापेक्षा चांगल्या जाणतात, त्यांना विचारावे.

एक जागा मात्र स्वतः जाऊन पाहावी. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांची देणी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गी लागली, ती पाहायला कित्येक कामगार उरले नव्हते. मधल्या तीसएक वर्षांत त्या आवाराकडे कोणी फिरकले नाही. कोळशाच्या आणि यंत्रांच्या जागी पक्ष्यांनी बिया टाकल्या, पाऊस पडत राहिला, आणि भर शहरात झाडांची दाटी उभी राहिली. ती कोणी लावलेली नाही आणि तिचा कुठे विक्रम नोंदलेला नाही. आता ती जमीन गृहनिर्माण मंडळाकडे गेली आहे. तिथे इमारतींचा आराखडा आहे, आणि ही झाडे राहू द्या म्हणणारे नागरिकही आहेत. जाल तेव्हा उन्हाळ्याच्या एखाद्या संध्याकाळी, दिवस मावळल्यावर जा. आधी बाहेरच्या रस्त्यावर थोडे थांबा आणि मग भिंतीलगत, झाडांच्या बाजूने चाला.